उदगीरची हिरोईन पुण्याला कशाला पाठवलीस?

पत्र:

ताई, मी उदगीरला राहते, वय २८, एका पतसंस्थेत काउंटरला आहे. मला तू म्हणा, मी लहान आहे तुमच्यापेक्षा. दीडेक वर्षापासून एक लव्हस्टोरी लिहितेय, पहिलीच कादंबरी. रात्री सगळे झोपले की मोबाईलवर लिहिते. ४० हजार शब्द झालेत आणि आता मध्येच अडकलेय. हिरो पुण्यात आयटीला, हिरोईन कोथरूडमध्ये इंटिरियर डिझायनर. सुरुवात भारी झाली होती पण आता दोघांना काय करायला लावावं तेच सुचेना, नुसते गैरसमज घालतेय. बाकीच्या लेखकांना इन्स्पिरेशन कुठून मिळतं? माझं आयुष्य म्हणजे काउंटर ते घर. आमच्याकडं रोमँटिक काय आहे, पाण्याचे टँकर? दिवसभर माणसं बघते एवढंच. एक काका येतात, त्यांची बायको जाऊन वर्ष झालं, वारस म्हणून फॉर्म भरून तिच्या खात्यातले पैसे काढून घ्या म्हणून आम्ही सांगून थकलो, ते फॉर्म काही भरत नाहीत, नुसती तिच्या पासबुकावर एंट्री मारून घेतात आणि जातात. असो. दुसरं टेन्शन म्हणजे घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालूय. पुस्तक आलं तर लोक म्हणतील हिचंच काहीतरी असणार. टोपणनाव घेऊ का? आणि एक प्रकाशक ५०० प्रतींचे ६० हजार मागतायत, एफडी मोडू का? पहिली तीन प्रकरणं सोबत पाठवलीत.

उत्तर:

आधी एफडीचं. मोडू नकोस. का ते शेवटी सांगते, पण बाकीचं वाचायच्या आत तू पैसे भरून मोकळी होऊ नयेस म्हणून सगळ्यात वर लिहिलं.

आता कादंबरी. तीन प्रकरणं वाचली. तुला लिहिता येतं गं. हे मी मन राखायला म्हणत नाही, माझ्याकडं हस्तलिखितं येत असतात आणि बऱ्याच जणांना दोन माणसं एका खोलीत आणून बोलती करताच येत नाहीत, ती नुसती भाषणं करतात. तुझी बोलतात. ती त्याच्या ऑफिसची मापं घ्यायला येते आणि टेपचं दुसरं टोक त्याला धरायला लावते तो सीन मला फार आवडला. पण कोथरूड मला कुठंच दिसलं नाही. कॉफी शॉप, फ्लॅट, पाऊस, लोणावळ्याची बाईक ट्रिप, हे सगळं तू स्क्रीनवर बघितलेलं पुणं आहे, त्यात तुझ्या डोळ्यांनी बघितलेली एकही गोष्ट नाही, आणि तुझे डोळे किती चांगले आहेत ते तुझ्या पत्रातल्या त्या काकांवरून कळतं. असो म्हणून पुढं गेलीस त्यांच्यावरून. त्यांच्याकडं परत येऊ.

तू अडकलीस ती पुण्यामुळं. बघ, प्रेमकथा वाचणाऱ्याला ही दोघं एकमेकांना आवडतात हे पहिल्या दहा पानांत कळतं, शेवटी एकत्र येणार हेही माहिती असतं, तसं नसतं तर त्यानं ते पुस्तक हातातच धरलं नसतं. मग मधली दोनशे पानं तो कशासाठी वाचतो? तर ही दोघं आज, आत्ता, एकत्र का येऊ शकत नाहीत यासाठी. तुझ्या दोघांना अडवतंय कोण? दोघं कमावतात, दोघांचे फ्लॅट वेगळे, आईबाप लांब, फोन खिशात. अडवायला कुणीच नाही म्हणून मग तुला अडवावं लागतंय, तिनं त्याला कुणाबरोबर तरी बघितलं, त्याचा मेसेज चुकून डिलीट झाला. तिनं एक फोन केला तर तुझी कादंबरी संपते आणि हे वाचणाऱ्याला बरोबर कळतं, मग त्याची चिडचिड होते.

हीच दोघं उदगीरला आण.

तुझ्या गावात जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे, त्या कॉलेजचं पोरगं हिरो का नाही? देवणी गाय तुमच्याच भागातली, तिचं नाव पार लांब गेलंय. समज पास होऊन तो जवळच्याच गावात सरकारी दवाखान्यात लागलाय. गाय अडली आणि रात्री दोनला त्याला फोन गेला तर त्याला मागच्या दारानं थेट गोठ्यात घेऊन जातात, घरातल्या बायका कंदील नाहीतर मोबाईलची बॅटरी धरून उभ्या राहतात, गरम पाणी आणून देतात, त्या वेळी त्याची जात कुणी विचारत नाही, कोपरापर्यंत हात आत घातलेल्या माणसाला कोण विचारणार आहे. वासरू बाहेर पडलं की त्याला हात धुवायला साबण देतात, चहा देतात, डॉक्टरसाहेब डॉक्टरसाहेब करतात. तोच माणूस पंधरा दिवसांनी त्याच घरात सोयरीक घेऊन आला तर बसायला खुर्ची मिळेल का याची खात्री नाही. तुझी हिरोईन त्या रात्री बॅटरी धरून उभी होती. आता मला सांग यात गैरसमज घालायची गरज आहे का? दोघांना सगळं नीट समजलंय, आणि तीच तर अडचण आहे.

आणि टँकरचं जे तू लिहिलंस ना, मला तिथंच थांबून तुझ्याशी भांडावंसं वाटलं. २०१६ चा उन्हाळा आठव, तू तेव्हा कॉलेजात असशील. मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरायच्या ठिकाणी कलम १४४ लावलं होतं, पाचपेक्षा जास्त लोकांनी जमायचं नाही म्हणून. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वाघिणी, सगळं मिळून पाचेक लाख लिटर, आणि ती गाडी बघायला लोक स्टेशनवर गेले. बाहेरच्यांनी यावर बातम्या केल्या, आकडे दिले, त्या करायलाच पाहिजे होत्या. पण टँकर रात्री कितीला येईल याचा नेम नाही, आणि एरवी सातच्या आत घरात पाहिजे असलेली पोरगी रात्री दीडला घागर घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभी आहे आणि घरातलं कुणी तिला काही म्हणू शकत नाही, कारण पाणी लागतंच, हे आतून ज्यानं बघितलंय त्यालाच लिहिता येईल. जमायला बंदी असलेल्या जागी दोन माणसांना रोज भेटायचं निमित्त मिळतं. फक्त एक सांभाळ, लोकांची तहान हा तुझ्या हिरोहिरोईनच्या मागचा पडदा होऊ देऊ नकोस. तिची घागर रिकामी राहिली तर त्या दिवशी तिच्या घरात काय काय थांबतं तेही येऊ दे, मग हिरोनं तिच्यासाठी टँकरचा पाइप धरण्यालाही वजन येईल.

येळवशीवर, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणावर तर तू एक ओळही लिहिली नाहीस याचं मला आश्चर्य वाटलं. बाकी महाराष्ट्रात हा सण फारसा कुणाला माहिती नाही. अमावस्येला अख्खं गाव रिकामं होतं, जिल्ह्याला सुट्टी, शेतात कडब्याची कोप, मडक्यात अंबील, भज्जी, उंडे, खीर, चहूकडं ज्वारी आणि हरभरा उभा, आणि ज्याला शेत नाही त्याला शेत असणारा बोलावून नेतो. तुझ्या डॉक्टरला त्या दिवशी पाच शेतांतून बोलावणं असणार, भाड्याच्या खोलीत राहणारा माणूस. चार ठिकाणी पोटभर जेवून तो पाचव्या शेतात पोचतो जिथं ती आहे आणि तिची आजी त्याला परत पहिल्यापासून वाढते, त्याला नाही म्हणता येत नाही, आणि ती समोर बसून त्याची गंमत बघतेय. एवढ्यावर तू एक प्रकरण लिहिशील, मला माहितीय.

मग मधला भाग पुढं नेणारं काहीतरी लागेल, वेळेचा दाब लागेल. तोही तुझ्याजवळ आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर दोघांपैकी एकजण तरी त्या जिल्ह्यात तीस दिवस राहिलेला पाहिजे, विवाह अधिकाऱ्याकडं आधी नोटीस द्यावी लागते, ती ऑफिसात दिसेल अशी लावतात आणि पुढचे तीस दिवस कुणीही येऊन हरकत घेऊ शकतो. म्हणजे नावं, पत्ते सगळं कागदावर भिंतीला चिकटलेलं, आणि त्या ऑफिसात ये-जा करणाऱ्यांत कुणाचा तरी मेहुणा, कुणाचा तरी वर्गमित्र असणारच, आपल्याकडं हे वेगळं सांगायला नको. ते तीस दिवस ही दोघं कशी काढतात? ती रोज काउंटरला बसून लोकांना पावत्या देतेय आणि समोर आलेल्या प्रत्येक माणसाच्या तोंडाकडं बघतेय, याला कळलंय का. दुसरा रस्ता आळंदीचा. दोघं हिंदू असतील तर तिथं विधी करून लग्न लागतं, ही नोटीस लागत नाही. त्याला वाटतं आळंदीला जाऊन एका दिवसात मोकळं व्हावं, तिला वाटतं मी चोरी केली नाही, माझं नाव भिंतीवर लागू दे. दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे आणि दोघं बरोबर आहेत, असं भांडण तुला पुण्याच्या कॉफी शॉपात मिळालं नसतं.

भाषेचंही बोलते. तुझी माणसं एकमेकांशी बोलतात खरी, पण त्यांची भाषा अगदी पुस्तकातली आहे. उदगीरचं माणूस काय करूलालीस, कामून आलास असं बोलतं तर तसंच लिही, संवादात लिही, निवेदन साधं ठेव. मात्र प्रत्येक शब्दाची तोडफोड करायला जाऊ नकोस, नाहीतर वाचणारा अडखळत बसतो आणि तुझी माणसं विनोदी वाटायला लागतात. डॉक्टर शिकलेला आहे, तो दवाखान्यात एक बोलेल आणि आईशी फोनवर दुसरं बोलेल. कधी कुठलं बोलतो यातूनच तो कळेल.

आता ते काका. तू विचारलंस इन्स्पिरेशन कुठून मिळतं, आणि त्याच पत्रात तू मला एक अख्खी प्रेमकथा चार ओळींत सांगून टाकलीस. एक माणूस बायकोच्या नावावर जमा झालेलं व्याज बघायला येतो. पैसे काढले तर खातं बंद होईल, खातं बंद झालं तर तिचं नाव छापून येणं बंद होईल. मी हे वाचून बराच वेळ पुढं सरकले नाही. बाकीच्या लेखकांना काही वेगळीकडून मिळत नाही गं, असंच मिळतं, फरक एवढाच की ते असो म्हणत नाहीत, लिहून ठेवतात. काउंटरच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी वही ठेव. कोण काय बोललं, कुणी सही करताना कुणाकडं बघितलं, नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाव घालायचं की आईचं यावरून नवरा अडखळला, एवढंच, एका ओळीत. नाव नाही, खातं नंबर नाही, रक्कम नाही. ती त्यांची खाजगी गोष्ट आहे आणि तू तिथं नोकरीला आहेस.

म्हणून काकांना जसंच्या तसं उचलू नकोस. काकांना हे कधी कळलं तर त्यांना काय वाटेल याचा विचार कर. पतसंस्थेच्या जागी दुसरं काहीतरी आण. मोबाईलचा रिचार्ज असेल, ती गेल्यावरही तिचा नंबर चालू ठेवणारा माणूस, किंवा तिच्या नावाची एसटीची सवलतीची जुनी पासं जपणारा. गाव बदल, वय बदल, भावना मात्र तीच ठेव. आणि तो तुझ्या हिरोईनचा बाप होऊ शकतो, बघ विचार करून. जो बाप आपल्या बायकोवर एवढं प्रेम करून बसलाय तोच पोरीच्या प्रेमाला नाही म्हणतो, का म्हणतो हे तुला शोधावं लागेल, आणि ते सापडलं की तुझा शेवट आपोआप सापडेल.

आता लोक काय म्हणतील. म्हणतील. पहिली कादंबरी बाईनं लिहिली आणि ती प्रेमाची असली की हिचंच असणार म्हणतातच, पुरुषाला एवढं विचारत नाहीत, हे वाईट आहे आणि खरं आहे. पण प्रेमावर लिहिणं हे काही तू बाहेरून आणलेलं नाहीस. पैठण आपल्याच मराठवाड्यातलं, तिथल्या सातवाहनांच्या हाल राजाच्या नावावर गाथासप्तशती आहे, महाराष्ट्री प्राकृतातल्या सातेकशे गाथा, म्हणजे दोन ओळींच्या कविता, दोन हजार वर्षांच्या आसपासचं काम, आणि त्यातल्या कितीतरी बाईच्या तोंडी आहेत, शेतातल्या, गोदावरीकाठच्या, साध्या गावातल्या बाईच्या. एका गाथेत मुक्कामाला आलेल्या वाटसरूला घरातली बाई एवढंच सांगते की सासू इथं झोपते, मी इथं झोपते, नीट बघून ठेव, अंधारात चुकून आमच्या अंथरुणावर पडशील. बास. तुझ्या आईनं वाचलं तर काय, या भीतीनं तू तिसऱ्या प्रकरणात दिवे घालवून पुढच्या सकाळवर उडी मारलीस ना, ती मारायची गरज नाही, अशा दोन ओळींत सगळं सांगता येतं आणि कुणाला बोट ठेवता येत नाही. स. आ. जोगळेकरांनी संपादित केलेली १९५६ ची मराठी आवृत्ती मोठ्या ग्रंथालयात मिळते, तुमच्या वाचनालयात नसली तर लातूरला विचार. रोज एखादी गाथा वाच, कथा म्हणून वाच, कोण बोलतंय, कुणाला बोलतंय, काय बोललं नाही.

घरात एका माणसाला सांग. आईला नाही जमलं तर बहिणीला, वहिनीला, पण अख्ख्या घरापासून लपवून कादंबरी पूर्ण करायची म्हणजे अर्धी ताकद लपवण्यातच जाते. स्थळांचं म्हणशील तर पाहण्याच्या कार्यक्रमात दोघांना बोलायला पाच मिनिटं देतात तेव्हा तूच सांग, मी कादंबरी लिहिते, प्रेमाची आहे, लग्नानंतरही लिहिणार. त्याच्या तोंडावर काय येतं ते तुला त्याच्या पगारापेक्षा जास्त कामाचं आहे. हे मी अगदी मनापासून सांगते, लग्नानंतर कळण्यापेक्षा त्या पाच मिनिटांत कळलेलं बरं.

लिहायच्या वेळेचं जास्त सांगत नाही. रात्रीची वेळ चालतेय तर चालू दे, पण रोज पाहिजेच असं नाही, मार्च एंडला पतसंस्थेत काय हाल असतात ते मला माहितीय, तेव्हा लिहू नकोस, फक्त वही भर. सीन पूर्ण करून झोपण्यापेक्षा मध्येच थांबव, पुढचं वाक्य माहिती असताना, दुसऱ्या दिवशी सुरू करायला सोपं जातं. आणि सगळं मोबाईलवर आहे तर रोज स्वतःलाच मेल कर, फोन पडला, हरवला तर दीड वर्ष जाईल. ४० हजार शब्दांचं काय, तर टाकू नकोस, वेगळ्या फाईलमध्ये ठेव. त्यातले संवाद तुझे आहेत, टेपचा सीन तसाच्या तसा गोठ्यात आणता येतो, टेपच्या जागी दोरी येईल.

आता पैसे. ५०० प्रतींचे ६० हजार भरून पुस्तक आलं की बहुतेक गठ्ठे तुझ्याच पलंगाखाली येऊन पडतात, विकायचं काम तुझ्यावर. स्वतःच्या खर्चानं छापणं वाईट नाही, पण मग छपाईचा हिशोब वेगळा मांडून माग, प्रती कुठं राहतील, दुकानात आणि वाचनालयांत कोण पोचवणार, विकल्यावर तुला किती, हे लेखी माग. आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे पैसे लावले असतील तर विचार, आपल्याकडं तो नंबर राजा राममोहन रॉय राष्ट्रीय एजन्सीकडून फुकट मिळतो. त्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघ, ती पहिल्या पुस्तकासाठीच आहे, कादंबरीही त्यात बसते, अर्ज मागवतात तेव्हा हस्तलिखित पाठवायचं असतं. उत्तर यायला वेळ लागतो, लागू दे, तोपर्यंत तुझा दुसरा ड्राफ्ट होईल. पुस्तक आल्यावर राज्य वाङ्मय पुरस्कारात प्रथम प्रकाशनाचा वेगळा विभाग आहे, तिथंही पाठव. नुसत्या हस्तलिखितावर पैसे न मागता वाचून उत्तर देणारे प्रकाशकही आहेत, त्यांना आधी तीन प्रकरणं आणि दोन पानांत पूर्ण कथा पाठव, शेवटासकट, शेवट लपवू नकोस.

टोपणनाव घ्यायचं तर घे, त्यात कमीपणा काही नाही. पण करार तुझ्या खऱ्या नावानं कर आणि त्यात टोपणनाव लिहून घे. कॉपीराइट लिहिल्यापासूनच तुझा असतो, नोंदणी सक्तीची नाही, मात्र टोपणनावाच्या पुस्तकाचे साठ वर्षं पुस्तक निघाल्यापासून मोजतात आणि लेखक कोण हे उघड असलेल्या पुस्तकाचे लेखक गेल्यानंतर, हा फरक लक्षात ठेव. ऑडिओ, वेब सिरीज, भाषांतर हे हक्क छापील पुस्तकाच्या करारात एका ओळीत देऊन टाकू नकोस, प्रत्येकाचं वेगळं बोलायचं. सही करायच्या आधी कराराचे फोटो मला पाठव, मी वाचून सांगते. आणि येळवशीचं प्रकरण झालं की तेही पाठव.